समुद्रकाठच्या सिंगल माल्टमधला खारेपणा नेमका येतो कुठून?

बंदरावरचा (प्रश्नकर्ता)

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आणि बेटांवरील सिंगल माल्ट (म्हणजे एकाच कारखान्यात, अर्थात डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेल्या) व्हिस्कींविषयी काहीही वाचायला घेतले, की ‘खारी’, ‘समुद्री’, ‘मिठाची झाक असलेली’ ही विशेषणे हमखास भेटतात. गेल्या काही महिन्यांत मी ओल्ड पुल्टनी १२ वर्षे आणि टॅलिस्कर १० वर्षे या दोन्ही बाटल्या बर्फ-सोडा न घालता, सावकाश चाखल्या. घोट उतरल्यानंतर जिभेच्या कडांना मिठासारखे काहीतरी दोन्ही वेळा जाणवले. टॅलिस्करमध्ये आधी धूर, मग काळ्या मिरीचा झणका आणि त्याच्या पाठोपाठ हा खारेपणा येतो. पुल्टनीमध्ये धूर जवळपास नाहीच, तरीही खारेपणा आहे. त्यामुळे त्याचा सगळा उगम धुरात शोधता येत नाही.

याचे प्रचलित स्पष्टीकरण असे, की गोदामे समुद्राला लागून असतात, ओकची पिंपे ‘श्वास घेतात’ आणि दहा-बारा वर्षे खारा वारा थोडाथोडा आत झिरपत राहतो. ऐकायला हे छान वाटते, पण मला ते पचत नाही. मीठ हवेत उडून जाणारा पदार्थ नाही, आणि पिंपातून दरवर्षी काही भाग बाहेर उडून जात असेल, तर प्रवाहाची दिशाच उलटी आहे. त्यात आता असे वाचनात आले, की टॅलिस्करचा बराचसा माल स्काय बेटावर मुरतच नाही. असे असेल, तर ‘समुद्रकाठची व्हिस्की’ या वर्णनात तथ्य किती आणि जाहिरात किती? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तांबडी भट्टी

आपली शंका रास्त आहे, आणि मिठापुरते उत्तर सरळ आहे: बाटलीत चवीला कळेल इतके मीठ नसते. आंबवलेला द्रव तांब्याच्या पात्रात तापवला जातो, तेव्हा वर जाते ती अल्कोहोलची, पाण्याची आणि गंधद्रव्यांची वाफ. क्षार खाली उरलेल्या द्रवातच राहतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. व्हिस्कीतले सोडियम मात्र लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते आणि तेही मुख्यतः बाटली भरताना अल्कोहोलची तीव्रता खाली आणण्यासाठी घातलेल्या पाण्यातून किंवा लाकडातून आलेले असते. जिभेला खारट म्हणून ओळखू येण्याची पातळी याच्या कितीतरी वर आहे.

वाऱ्याच्या सिद्धान्ताविषयीही आपला तर्क बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो आणि त्याच्या जागी हवा आत येते. त्या हवेतला ऑक्सिजन व्हिस्कीच्या मुरण्यात मोठे काम करतो, हे खरे. परंतु वाऱ्यावरचे मीठ म्हणजे पाण्याचे सूक्ष्म तुषार किंवा त्यांचे वाळलेले कण, आणि ते पिंपाच्या बाहेरच्या अंगावर, लोखंडी पट्ट्यांवर आणि गोदामाच्या भिंतींवर बसतात. इंचभर जाडीच्या ओकमधून हे कण आतपर्यंत जातील, असा मार्गच नसतो.

आता टॅलिस्करकडे वळू, कारण ‘समुद्री’ स्वभावाची घडण समजून घ्यायला याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ही डिस्टिलरी १८३० मध्ये मॅकॅस्किल बंधूंनी स्काय बेटावर कार्बोस्ट येथे, लॉख हार्पोर्ट या समुद्राच्या फाट्याच्या काठावर काढली. तेथे लागणारी मोड आणलेली बार्ली बेटावर तयार होत नाही. ती मुख्य भूमीवरील ग्लेन ऑर्ड येथून, पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर देऊनच येते. तयार झालेल्या मद्यातला मोठा भाग टँकरमधून पुन्हा मुख्य भूमीवर जातो आणि तेथील गोदामांत मुरतो. म्हणजे धूर बाहेरचा आणि मुरणेही बरेचसे बाहेरचे. बेटाचे असे जे काही उरते, ते पाणी, आंबवण, भट्टी आणि वाफ थंड करण्याची पद्धत.

पण हे उरलेलेच महत्त्वाचे आहे. टॅलिस्करमध्ये पाच पात्रे आहेत: पहिल्या ऊर्ध्वपातनासाठी दोन आणि दुसऱ्यासाठी तीन. १९२८ पर्यंत येथे तीनदा ऊर्ध्वपातन होत असे, त्याची ही विषम संख्या ही खूण. पहिल्या पात्रांच्या माथ्यावरून निघणारी नळी सरळ बाहेर जात नाही. ती इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे खाली वाकून पुन्हा वर चढते आणि त्या वळणातून एक बारीक तांब्याची नळी जड वाफेचे पाणी परत पात्रात सोडते. त्यामुळे वाफेचा काही भाग पुन्हा पुन्हा तांब्याला घासून हलका आणि फळांच्या वासाचा होतो. त्यानंतर मात्र ही वाफ आधुनिक कंडेन्सरमध्ये न जाता, बाहेर उघड्यावर असलेल्या थंड पाण्याच्या मोठ्या टाक्यांत बुडवलेल्या वेटोळ्या नळ्यांतून जाते. याला वर्म टब म्हणतात. वर्म टबमध्ये वाफ लवकर द्रवरूप होते, तांब्याशी संपर्क कमी येतो आणि गंधकयुक्त द्रव्ये अधिक प्रमाणात शिल्लक राहतात. आधी वाफ घासून हलकी करायची आणि नंतर तिच्यात जडपणा राहू द्यायचा, अशा दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच यंत्रणेत घडतात. टॅलिस्करची मिरी आणि तिच्यामागचा तो खारटसा तिखटपणा या ओढाताणीत तयार होतो, असे माझे मत आहे.

गंधकाचा उल्लेख मुद्दाम केला. किनाऱ्यावर उभे राहिल्यावर जो ‘समुद्राचा वास’ येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या द्रव्याचा मोठा वाटा असतो आणि ते मोड आणलेल्या बार्लीपासूनही तयार होते. पिंपात मुरताना ते बरेचसे कमी होते, म्हणून सगळे श्रेय त्यालाच द्यावे असे मी म्हणणार नाही. पण समुद्राच्या वासाची आणि भट्टीतल्या गंधकाची जातकुळी एकच आहे, एवढे यावरून दिसते.

राहिला धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती. ती कापून, वाळवून जाळली, की तिच्या धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल ही द्रव्ये ओलसर बार्लीला चिकटतात. ज्याला लोक ‘आयोडीन’ किंवा ‘दवाखान्याचा वास’ म्हणतात, तो प्रामुख्याने फिनॉल-क्रेसॉलांचा असतो. क्रेसॉल जंतुनाशकांतही वापरले जात असल्याने ही ओळख आपल्या नाकात आधीच पक्की झालेली असते. वेगवेगळ्या ठिकाणच्या पीटची घडण सारखी नसते, हे प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. ऑर्कनी बेटांवर वाऱ्यामुळे झाडे जवळजवळ वाढतच नाहीत, तेथील पीट बरेचसे हेदर या झुडपाचे असते, आणि हायलँड पार्कचा धूर म्हणूनच गोडसर लागतो. आयला बेटावरच्या धुराला ती गोडी नाही.

तरीही केवळ पीटवरून निकाल लावता येत नाही. आयलावरील लॅगावुलिन आणि कूल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्यांना पोर्ट एलन येथील एकाच माल्टिंगमधून (बार्लीला मोड आणण्याच्या कारखान्यातून), साधारण ३५ पीपीएम (दशलक्ष भागांत ३५ भाग) फिनॉल असलेली बार्ली जाते. एक व्हिस्की दाट, तेलकट, जड धुराची होते. दुसरी स्वच्छ, हलकी आणि उघडपणे समुद्राची आठवण करून देणारी. हा फरक पात्रांच्या आकाराचा, ती किती भरली जातात याचा आणि ऊर्ध्वपातनाच्या धारेतला कोणता मधला भाग ठेवला जातो याचा आहे. फिनॉल धारेच्या उत्तरार्धात अधिक उतरतात, त्यामुळे धार कधी तोडायची, या निर्णयावर बरेच काही ठरते. आणि कूल ईलाचाही बहुतांश माल मुख्य भूमीवरच मुरतो, हे येथे पुन्हा नोंदवून ठेवतो.

शंकासूर

वरील प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे, परंतु सगळा भार यंत्रांवर टाकण्याआधी दोन अडचणी मांडतो.

पहिली अडचण डॅलव्हिनीची. ही डिस्टिलरी समुद्रापासून दूर, डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तेथेही वर्म टब आहेत. १९८६ मध्ये ते काढून आधुनिक कंडेन्सर बसवण्यात आले. मद्याचा स्वभाव बदलल्याचे लक्षात आल्यावर १९९५ मध्ये वर्म टब परत आणले गेले. वर्म टबचा परिणाम किती खरा आहे, हे यातून सिद्ध होते, हे मान्य. पण डॅलव्हिनी मधाळ लागते. खारट म्हणून तिची ख्याती नाही. तेव्हा वर्म टब म्हणजे समुद्र, असे समीकरण मांडता येणार नाही.

दुसरी अडचण बुनाहाव्हनची. आयलाच्या ईशान्य किनाऱ्यावर १८८१ मध्ये सुरू झालेल्या या डिस्टिलरीची नेहमीची १२ वर्षांची व्हिस्की पीटच्या धुराशिवाय बनते, तेथे वर्म टबही नाहीत, आणि तरीही शेवटी जिभेवर खारेपणा रेंगाळतो. मग तो आला कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे ‘खारेपणा’ हे एकाच कारणाचे नाव नाही. कुठे तो गंधकातून, कुठे धुरातून, कुठे शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून आलेल्या सुक्या मेव्याच्या तुरटपणातून आणि कुठे केवळ गोडीच्या अभावातून भासतो. निरनिराळ्या कारणांनी येणाऱ्या या अनुभवांना आपण एकच नाव देतो, याचे कारण डिस्टिलरीचा नकाशावरचा पत्ता आपल्याला आधीच ठाऊक असतो.

स्थानाचा संबंध मात्र मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही. मातीच्या जमिनीच्या, जाड दगडी भिंतींच्या, बसक्या गोदामांत समुद्रकाठी तापमान वर्षभर फारसे हलत नाही आणि हवा दमट असते. अशा हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल अधिक वेगाने उडते, तीव्रता हळूहळू उतरते आणि मुरण्याची चाल वेगळी होते. आयलावरील बोमोर डिस्टिलरीचे ‘नंबर १ व्हॉल्ट्स’ हे गोदाम तर समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि त्याच्या भिंतीवर लाटा आपटतात. तेथे मुरलेले पिंप आणि मुख्य भूमीवरच्या आधुनिक, उंच मांडण्यांच्या गोदामात मुरलेले पिंप एकसारखे लागेल, असे मला वाटत नाही. फरक मिठाचा नाही, हवामानाचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला एवढीच पाच नावे संरक्षित आहेत. ‘बेटांवरची’ किंवा ‘किनाऱ्यावरची’ असा वर्ग कायद्यात नाही. टॅलिस्कर, हायलँड पार्क आणि ओल्ड पुल्टनी या कायद्याच्या दृष्टीने हायलँडच्या व्हिस्की आहेत. पिंपे स्कॉटलंडमध्ये कुठेही मुरवली, तरी नियम मोडत नाही. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठे नको आणि तीव्रता ४० टक्क्यांच्या खाली नको, एवढी पूर्तता पुरेशी आहे. त्यामुळे लेबलावरच्या लाटा, दीपगृहे आणि गलबते यांना कायद्याचा कोणताही आधार लागत नाही, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

बंदरावरचा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता माझा प्रश्न थोडा अरुंद करतो. पुल्टनीत धूर नाही. जाहिरातीत मात्र ‘मॅरिटाइम माल्ट’ ही बिरुदावली आहे आणि बाटलीवर जहाज आहे. मला जाणवलेला खारेपणा त्या चित्रामुळे तर नव्हता? आणि हे तपासायचे कसे?

दर्दी

चित्राचा प्रभाव पडतोच, पण सगळा अनुभव चित्रावर ढकलणे पुल्टनीवर अन्याय करणारे ठरेल.

आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. घोट गिळल्यावर वाफ घशामागून नाकात चढते आणि मेंदू तो गंध जिभेवरच्या संवेदनेत मिसळून टाकतो. ज्या गंधांची मिठाशी आयुष्यभर जोडी जमलेली असते, ते गंध मीठ नसतानाही पदार्थ अधिक खारट भासवतात. अन्नशास्त्रात यावर प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे सुके बोंबील भाजायला घेतले, की ते तोंडात टाकण्याआधीच जीभ खारट होते, तोच हा प्रकार. तेव्हा व्हिस्कीतला खारेपणा जिभेवरच्या मिठाचा नसला, तरी अनुभव म्हणून खरा आहे. त्यामागचे गंध बाटलीत खरोखरच असतात.

पुल्टनीच्या बाबतीत ते गंध कुठून येतात, हे पाहायचे तर तिची पात्रे पाहावीत. विक या बंदराच्या गावातील या डिस्टिलरीत पात्रांची एकच जोडी आहे. पहिल्या पात्राला मधोमध भलामोठा फुगा आहे आणि वरची निमुळती मान नाहीच. माथा सपाट कापल्यासारखा दिसतो. पात्र इमारतीत मावेना म्हणून माथा छाटला, अशी गोष्ट तेथे सांगितली जाते. खरी-खोटी देव जाणे. त्या फुग्यात वाफेचा काही भाग थंड होऊन परत खाली पडतो, आणि पुढे वर्म टब आहेत. यातून तेलकट, किंचित गंधकाकडे झुकणारे, जिभेला लपेटून राहणारे मद्य निघते. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरल्यावर त्याला व्हॅनिला आणि लिंबाच्या सालीची जोड मिळते. तेलकटपणा, आंबटसर लिंबू आणि कमी गोडी हे तिन्ही एकत्र आले, की शेवट सुका होतो आणि तो सुका शेवट खारट वाटतो. डॅलव्हिनीतही वर्म टब आहेत, पण तेथे मधाची गोडी पुढे येऊन हा परिणाम झाकून टाकते. शंकासूर यांच्या पहिल्या अडचणीचे माझे उत्तर हे.

लेबलावरचे जहाजही निव्वळ सजावट नाही, एवढे मात्र सांगतो. डिस्टिलरी १८२६ मध्ये जेम्स हेंडरसन यांनी सुरू केली, ती पुल्टनीटाउन या वसाहतीत. ही वसाहत ब्रिटिश फिशरीज सोसायटीने हेरिंग मासळीच्या व्यवसायासाठी उभारली, तिचा आराखडा थॉमस टेलफर्ड या अभियंत्याचा, आणि नाव सोसायटीचे गव्हर्नर सर विल्यम पुल्टनी यांचे. एकोणिसाव्या शतकात विक हे हेरिंगचे युरोपातले अग्रगण्य बंदर होते. बार्ली समुद्रमार्गे यायची, व्हिस्की समुद्रमार्गे जायची आणि मासळी साफ करणारे, पिंपे बनवणारे, होड्यांवरचे लोक ती प्यायचे. इतकी प्यायचे, की अखेर गावाने मतदान करून दारूबंदी आणली आणि ती १९२२ पासून १९४७ पर्यंत टिकली. डिस्टिलरीही १९३० मध्ये बंद पडली, ती १९५१ मध्ये पुन्हा उघडली. समुद्राशी या व्हिस्कीचे नाते व्यापाराचे आणि माणसांचे आहे, आणि ते वाऱ्याच्या गोष्टीपेक्षा मला कितीतरी अधिक रंजक वाटते.

तपासण्याचा मार्ग सोपा आहे. घरातल्या कोणाला तरी सांगून तीन सारख्या पेल्यांत पुल्टनी १२, बुनाहाव्हन १२ आणि स्पेसाइडची एखादी नेहमीची, धूर नसलेली व्हिस्की ओतून घ्यावी. कोणता पेला कशाचा, हे आपल्याला कळू देऊ नये. बुनाहाव्हनची तीव्रता ४६.३ टक्के आहे, त्यामुळे पाणी घालून तिन्ही साधारण समान पातळीवर आणावीत, नाहीतर जळजळीवरूनच ओळख पटेल. टॅलिस्कर या परीक्षेत घेऊ नये. तिचा धूर लगेच चहाडी करतो. प्रत्येक घोटानंतर साधे पाणी प्यावे आणि शेंगदाणे, चिवडा वगैरे मिठाचे काहीही जवळपास ठेवू नये. आपल्याला खारा वाटलेला पेला किनाऱ्यावरचाच निघतो का, हे दोन-तीन वेगवेगळ्या संध्याकाळी पाहावे. एका बैठकीवर निष्कर्ष काढणे योग्य नाही, आणि पुढच्या घोटांना तर प्रत्येकच व्हिस्की छान लागते.

मडगावकर

या चर्चेत गोव्याचा उल्लेख व्हायलाच हवा. पॉल जॉन ही सिंगल माल्ट आमच्या सासष्टीत, कुंकळ्ळीला तयार होते आणि तेथेच मुरते. समुद्र फार लांब नाही, हवा खारी आणि दमट, आणि उष्णतेमुळे पिंपातून दरवर्षी उडून जाणारा भाग स्कॉटलंडच्या कितीतरी पट. खाऱ्या हवेने व्हिस्की खारी होत असती, तर पिंपांची एवढी उलाढाल होणारी ही व्हिस्की सर्वांत खारी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात धूर नसलेली पॉल जॉन ‘ब्रिलियन्स’ मध, मसाले आणि पिकलेल्या फळांच्या बाजूची आहे. तिच्या धुराच्या प्रकारांसाठी पीट स्कॉटलंडहून येते, आणि त्या चाखल्यावर मला किनाऱ्याची थोडी आठवण होते. म्हणजे गोव्याचा समुद्र बाटलीत उतरला नाही. उतरला तो स्कॉटलंडच्या दलदलीचा धूर.

तांबडी भट्टी

मडगावकर यांचे उदाहरण चांगले आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: उष्ण हवेत लाकडाचा अर्क इतक्या जोमाने उतरतो, की मूळ मद्यातल्या बारीक छटा त्याखाली दबतात. तेव्हा गोव्याची पिंपे वाऱ्याचा सिद्धान्त खोटा पाडायला उपयोगी आहेत. भट्टीचा सिद्धान्त खरा ठरवायला त्यांचा तितका उपयोग नाही. शंकासूर यांच्या बुनाहाव्हनच्या मुद्द्याला माझ्याकडे अजूनही समाधानकारक उत्तर नाही. दर्दी यांचा ‘सुका शेवट’ तेथे काही अंशी लागू पडेल, पण १२ वर्षांच्या त्या व्हिस्कीत शेरीच्या पिंपांची गोडी बऱ्यापैकी असते, म्हणून पूर्णपणे नाही.

बंदरावरचा, आपण वर दिलेली परीक्षा जरूर करावी. ती झाल्यावर एक प्रकार निव्वळ आनंदासाठी करून पाहावा. आयलावर ताज्या कालवांच्या शिंपल्यात बोमोरचे काही थेंब सोडून ती खाण्याची पद्धत आहे. आपल्याकडे कालवे कच्ची खाण्याचा प्रघात नाही आणि पावसाळ्यात तर तो धोका पत्करूच नये. पण निखाऱ्यावर शिंपला उघडेपर्यंत भाजून, मसाला न घालता, त्यावर चमचाभर टॅलिस्कर किंवा बोमोर सोडली तरी चालते. तेथे मीठ कालवातल्या पाण्याचेच असते, त्यामुळे ते आले कुठून यावर वाद घालण्याची गरज पडत नाही.